लागंल

"मान धर. मान धर की तिची! वांगं हाय व्हय ते, धुऊन ठेवायला?"

आई न्हाणीच्या दारात उभी राहून ओरडत होती आणि मी पाटावर पाय लांब करून बसले होते. माझ्या नडग्यांवर माझी तान्ही लेक, जुई, पालथी पडली होती. अंगभर तेल, मुठी आवळलेल्या आणि तोंडाचा असा काही आ वासलेला, की शेजारच्या मळ्यातल्या बाया काम सोडून ऐकत असतील.

"सटकते गं ती!"

"सटकणारच. तेल काय कढईत ओतल्यागत ओतलंयस. गुडघे जवळ घे. हां. आता पाणी घे, पाठीवरनं सोड. डोक्यावर न्हाई, पाठीवरनं!"

"तूच घे ना मग. एकदाच. बघ तरी किती रडतेय."

आईचा हात पदराखालून बाहेर आला. अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि परत गेला.

"नको बाई. लागंल."

तेच उत्तर. ऑपरेशन होऊन ती घरी आल्यापासून तेच. नको, लागंल. मग मी गप्प बसायचे. छातीची एक बाजू कापून काढलेल्या बाईच्या अंगावर हातपाय झाडणारं पोर कसं द्यायचं? मी जुईच्या अंगावर पाणी सोडलं, ती आणखी किंचाळली. आई दारातून म्हणाली, "डावी मांडी चोळ. जोरात नको. दुखतंय का बघ तिला."

"सगळंच दुखतंय तिला, मी न्हाऊ घातल्यावर."

आई हसली नाही. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

आमच्या तासगावच्या गल्लीत माझ्या आईला, शालनला, कुणी नुसतं नावानं हाक मारायचं नाही. ती 'न्हाऊवाली शालनकाकू' होती. तिचा तो धंदा नव्हता, हौस होती. गल्लीत पाळणा हलला की आई आपली साडी खोचून हजर. ती पाय पसरून बसली की मांडीवरचं बाळ आपोआप गप्प व्हायचं. तेल, डाळीचं पीठ, कडक पाणी, मग शेपा-ओव्याची धुरी आणि शेवटी घट्ट गुंडाळून असं काही झोपवायची, की बाळंतिणीला दुपारपर्यंत बाळाची आठवण करून द्यावी लागायची. जुईलाही पहिले दीड-दोन महिने तिनेच न्हाऊ घातलं. मग आईच्या काखेजवळची गाठ निघाली. निघाली म्हणजे आम्हाला कळली. तिला ती माझ्या डोहाळजेवणाच्या आधीपासून माहीत होती. "तुझं नीट पार पडू दे म्हटलं," एवढंच ती म्हणाली आणि त्यावर बोलायची सोय ठेवली नाही.

मिरजेला ऑपरेशन झालं. आजार लवकर सापडला होता, सलाईनची जहाल औषधं टळली, फक्त गोळ्या लागल्या. सगळे म्हणाले, सुटलात. माझे यजमान पुण्याहून फोनवर म्हणाले, "आता आई जुईला सांभाळतील, तू जरा आराम कर." नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आता घर पहिल्यासारखं होईल बघ."

झालं नाही. आई घरात होती आणि नव्हती. जुई रडली की ती स्वयंपाकघरातून पळत यायची आणि पाळण्यापासून हातभर लांब थांबायची. दोरी ओढायची, पण आत वाकायची नाही. तिने आपलं ताट, तांब्या, वाटी वेगळ्या फळीवर ठेवली होती. नानांनी विचारलं तर म्हणाली, "औषधानं तोंडाला वास येतोय. तुमचा घास कशाला नासवू?" नाना टेम्पोवर द्राक्षं नेणारे सरळ गडी. त्यांना ते पटलं. मलाही पटलं. मला तेव्हा काहीही पटलं असतं. जुई माझ्या अंगाखांद्यावरून उतरत नव्हती. आईचा हात वर होत नव्हता म्हणून तिची वेणी मी घालायची. भाकरी नाना थापायचे, आणि त्या भाकरीबद्दल न बोललेलंच बरं.

तपासणीला मिरजेला गेलो तेव्हा जुईलाही घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. त्यांनी जखम बघितली आणि म्हणाले, "मावशी, एक नंबर भरलीय."

मी संधी साधली. "डॉक्टर, ती बाळाला घेतच नाही. लागेल म्हणते."

"छे! आता काही लागणार नाही. नातीला बिनधास्त घ्या."

आई खुर्चीच्या कडेवर आली. "लागणार न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही."

"कधीच?"

"मावशी, जखम पूर्ण भरलीय. मग लागेल कसं?"

आईचा चेहरा एका क्षणात उजळला होता, तो दुसऱ्या क्षणात विझला. "बरं," म्हणाली आणि पदर सावरला. मला वाटलं, बाईमाणूस, पुरुष डॉक्टरसमोर अवघडली. लिफ्टपाशी मी जुईला तिच्यापुढे केलं. "ऐकलंस ना? नाही लागणार."

"त्येनं जखमंचं सांगितलं," ती म्हणाली आणि जिन्यानं उतरायला लागली.

हे वाक्य मी ऐकलं होतं. अगदी कानानं ऐकलं होतं, आणि तरी सोडून दिलं होतं.

मग मी माझं माझं ठरवलं की आईला लाज वाटत असणार. ती कायम पदर डाव्या खांद्यावरून गच्च लपेटून घ्यायची, उन्हातसुद्धा. जुईला छातीशी धरायचं म्हणजे पदर हलणार, ब्लाउजची सपाट बाजू दिसणार. मी आई झाले होते, मला तरी कळायला हवं, असं मी स्वतःलाच सांगितलं. म्हणूनच नर्सबाईंनी जेव्हा सांगितलं की हाताची सूज उतरवायला आणि 'बाकीचं सगळं बघायला' मागच्या 'सोबत'मध्ये जा, तेव्हा मी आईला जवळजवळ ओढतच नेलं.

'सोबत' म्हणजे हॉस्पिटलमागची एक लांबट पत्र्याची खोली. दर बुधवारी तिथे ऑपरेशन झालेल्या बाया जमायच्या, त्यांच्याबरोबर कुणाची सून, कुणाची बहीण. दारात चपलांचा ढीग आणि आत चहाचा वास. एका भिंतीकडे तोंड करून सात-आठ बाया ओळीने उभ्या होत्या आणि भिंतीवर बोटं चालवत होत्या, मुंगी चढावी तशी. बोटं जिथं थांबतील तिथं खडूची रेघ आणि आपलं नाव. मागच्या बुधवारपेक्षा रेघ वर गेली की बाकीच्या ओरडायच्या, "चढली गं चढली!" एका कोपऱ्यात शिलाई मशीन, जमिनीवर गाद्या, त्यातल्या एका गादीवर कुणाचा तरी दमलेला नवरा घोरत पडलेला. त्याला कुणी उठवत नव्हतं.

"या की ओ! नवीन हाय? नाव काय? सकाळी काय खाल्ला?"

मशीनमागून एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई उठली. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकात दोन्हीकडे चमक्या. गिरिजा मगदूम. सगळ्या तिला गिरिजक्का म्हणत. माहेर अथणीकडचं, सासर मिरजेचं, घरात अजून कन्नडच. मराठी ती बोलायची, पण तिच्या मराठीत साडी मळायचा आणि चहा सांडायची. ओळीतली एक बाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "खाल्ला नाही गिरिजक्का, खाल्लं!"

"पोटात गेला की झालं. तुझा रेघ बघ, खाली आली."

सगळ्या हसल्या. आईसुद्धा किंचित. त्या खोलीत 'कसं वाटतंय' असं विचारायची बंदी होती, हे मला मागाहून कळलं. गिरिजक्काचं म्हणणं, कसं वाटतंय म्हटलं की बाई एकतर खोटं बोलते नाहीतर रडते, आणि काय खाल्लं म्हटलं की खरं बोलते. तिचं स्वतःचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालं होतं. तेव्हा ही खोली नव्हती. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिने पहिल्या दोघी-तिघींना हात वर करायला शिकवलं, मग हॉस्पिटलने ही जागा दिली.

तिने आईला समोर उभं केलं. मला वाटलं, आता ती छातीकडे बघणार. तिने बघितलं ते खांद्यांकडे.

"शालनक्का, हा खांदा वर गेली. एका बाजूचा वजन कमी झाला ना, मग बाई तिरका चालतो. पाठ दुखतोय रात्री?"

"दुखतीय," आई चकित होऊन म्हणाली. हे तिने मला सांगितलं नव्हतं.

गिरिजक्काने डब्यातून मऊ सुती कापडाची एक गोल उशी काढली. दोन्ही तळव्यांत धरून जरा ऊब दिली, जसं आपण थंड तेल चोळतो, आणि मग आईच्या हातात ठेवली. आईने ती तोलली. दाबून बघितली. आत काहीतरी सरसर सरकलं.

"मोहरी?"

"वर कापूस, खाली मोहरी. नुसता कापूस वर सरकतोय. बायका सांगत होत्या, जेवायला वाकलं की गळ्यापाशी येतोय."

"एवढी मोहरी!" आई म्हणाली. "वरसाच्या फोडण्या झाल्या असत्या की."

भिंतीकडच्या बाया अशा हसल्या की सगळ्यांच्या मुंग्या खाली घसरल्या. गादीवरचा नवरा दचकून उठला, इकडेतिकडे बघून परत झोपला. ऑपरेशननंतर आईने केलेली ती पहिली कोटी होती.

पडद्यामागे गिरिजक्काने आईला ते बसवून दिलं. मी जुईला खांद्यावर थोपटत बाहेर उभी. आतून आवाज येत होते. "इथं एक टाका मारू?" "मार." "टोचतंय?" "न्हाई. गार बी न्हाई." मग पडदा बाजूला झाला आणि माझी आई बाहेर आली. दोन्ही खांदे एका रेषेत, पदर साधा, सगळ्या बायकांसारखा. आरशासमोर ती थांबली, बाजूने वळून बघितलं, परत समोरून बघितलं. मग हळूच, कुणाला दिसू नये असा, पदर नीट केला. नटलेल्या बाईसारखा.

तेवढ्यात जुईनं भोकाड पसरलं. भूक नव्हती, ओलं नव्हतं, नुसता कंटाळा. माझे दंड भरून आले होते. मी एवढी खूश होते की सरळ पुढे होऊन जुईला आईच्या छातीशी नेलं.

"घे गं आता. घे."

आई मागे सरली. तिची पाठ आरशाला लागली.

"नको. लागंल."

मला रडू कोसळायच्याच बेतात होतं. आता काय राहिलं होतं? जखम भरली, खांदा सरळ झाला, लाज झाकली. आता आणखी काय करायचं माणसानं?

गिरिजक्का पडद्यापाशी उभी होती. सुईतला उरलेला दोरा दातानं तोडत तिने विचारलं,

"कुणाला?"

मला वाटलं, हिला मराठी नीट समजत नाही, हिला कळलंच नाही. मी म्हटलं, "तिला ओ. आईला. छातीला लागेल म्हणते."

गिरिजक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुला न्हाई विचारला, पोरी. शालनक्का, कुणाला लागंल?"

जुई रडतच होती. भिंतीवरची बोटं थांबली होती.

आईची नजर जुईच्या मांडीवर गेली. मग म्हणाली, "पोरीला."

"काय लागंल पोरीला?"

"माझं. माझं हे." आईने छातीकडे हात नेला, पण लावला नाही. "हे लागंल तिला."

मी तोंड उघडलं. 'आई, वेडी आहेस का? हे काय सर्दी-खोकला आहे?' असं काहीतरी माझ्या तोंडात तयार होतं. गिरिजक्काचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. मी तोंड मिटलं.

"बोला की ओ," ती आईला म्हणाली. "कुणी घाई करत न्हाई."

"लागलं बी असंल," आई म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की भिंतीकडच्या बाया पुढे सरकल्या. "मी घेत होते ना तिला. कळायच्या आधी. रोज मांडीवर घेत होते. ह्याच छातीशी धरून झोपवत होते. एक दिवस तेल लावताना तिच्या डाव्या मांडीला हाताखाली गाठ आली. आन् त्याच आठवड्यात डॉक्टरनं माझी गाठ कसली ती सांगितली. दोन गाठी कळल्या मला, एकदम. माझी समद्यांनी बघितली. तिची मी कुणालाच सांगितली न्हाई."



"आई, ती लसीची..." मी म्हटलं.

"म्हाईत हाय गं!" आई एकदम उसळली. "मला सांगतीस व्हय लसीची गाठ? तासगावातल्या निम्म्या पोरांच्या मांड्या माझ्या हाताखालनं गेल्यात. म्हाईत होतं मला. पण भ्यालेल्या माणसाला काय म्हाईत असतं? रोज सकाळी दारात हुबी राहून बघत होते. तू पाणी घालतीयस, पोरगी रडतीय, आन् मी बघतीय, वाढली का. लांबनं कळतंय का. हात लावून बघावं तर हात लावायची भीती."

रोज सकाळी. न्हाणीच्या दारात. मला वाटायचं, ती माझ्या चुका काढायला उभी राहते.

गिरिजक्काने आईला 'असं काही नसतं' म्हटलं नाही. ती वळली आणि भिंतीकडच्या बायकांना म्हणाली, "कुणाकुणाला वाटला होता ओ असं? आपला आजार पोराला लागंल, नवऱ्याला लागंल, घराला लागंल? हात वर करा."

आणि हात वर झाले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. कुणाचा हात कानापर्यंत, कुणाचा खांद्यापर्यंत, कुणाचा नुसता कोपरातून, कारण तेवढाच होत होता. एकीने दुखरा हात चांगल्या हाताने धरून वर उचलला. एका म्हातारीने दोन्ही वर केले. "मी नातवाचा पापा घेत न्हवते," म्हणाली, "दिवाळीला आला हुता, तरी न्हाई घेतला." चष्मा लावलेल्या एका बाई सगळ्यांत मागे उभ्या होत्या. त्यांनी हात अगदी हळू वर केला आणि म्हणाल्या, "मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना सांगू नका बरं का."

शेवटी गिरिजक्काने स्वतःचा हात वर केला. सरळ, पत्र्याला टेकेल असा.

आई एकेक हात बघत राहिली. मोजत असल्यासारखी.

"पण मी डॉक्टर न्हाई," गिरिजक्का म्हणाली. "मी सांगितल्यावर तुम्ही रात्री परत भिणार. थांबा." तिने खिडकीतून वॉर्डाच्या दिशेने हाक मारली आणि एका सिस्टरांना बोलावून घेतलं. त्या आल्या, घाईत होत्या, पण गिरिजक्काने त्यांना बसायला लावलं. "शालनक्का, तुमच्या तोंडानं विचारा. जसं आत हाय तसं विचारा."

आईने विचारलं. सगळं विचारलं. मांडीवर घेतलं तर? छातीशी धरलं तर? उष्टं? पापा? एका ताटात? सिस्टर प्रत्येकाला 'नाही लागत' म्हणत होत्या, न कंटाळता, प्रत्येक वेळी पूर्ण वाक्यात. मग त्यांनी जुईची लंगोटी सोडून मांडी चाचपली. "ही लसीची गाठ, मावशी. विरत आलीय. महिन्याभरात शोधून सापडणार नाही."

"आन् आधी घेतलं होतं त्येचं?" आईने सगळ्यात शेवटी विचारलं.

"त्याचंही काही नाही. तुमच्यामुळे तिला काही झालेलं नाही. काही होणारही नाही."

आई उभी होती ती खाली बसली. गादीवर, भिंतीला टेकून, पाय लांब पसरून. मग मान वर न करता तिने दोन्ही हात पुढे केले. डावा पूर्ण वर येत नव्हता.

"आण."

मी जुईला तिच्या नडग्यांवर ठेवलं. आईने आधी मांडी चाचपली. अंगठ्याने, एकदा, दोनदा. मग पोरीला उचलून छातीशी धरलं, मोहरीच्या बाजूला. जुईनं रडता रडता श्वास घेतला, आईच्या गळ्याशी नाक खुपसलं आणि गप्प झाली. भिंतीकडून कुणीतरी नाक शिंकरलं. आई रडत नव्हती. ती जुईच्या मानेच्या वळ्या बोटाने उघडून बघत होती.

"हे काय गं? हितं समदं दूध साचलंय. लाल झालंय लेकराचं. डोळे फुटलेत व्हय तुझे?"

विज्ञानाच्या बाई हसू लागल्या, मग सगळ्याच. म्हातारी म्हणाली, "आली गं शालन जाग्यावर!"

मी मात्र तशीच उभी होते. माझे हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवायचे ते मला समजत नव्हतं. किती दिवसांनी ते मोकळे झाले होते. ते लोंबकळत होते, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.

गिरिजक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता तू. सकाळपासून काय खाल्ला?"

मी आठवायचा प्रयत्न केला. आईला गोळीच्या आधी भात दिला होता. नानांना डबा भरून दिला होता. जुईला पाजलं होतं. मला काही आठवेना. "मी..." एवढंच म्हटलं. जे काही इतके दिवस दातांत धरलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं, त्या अनोळखी बायकांसमोर, हुंदक्यांनी, आवाज करून, लहान पोरीसारखं. कुणी 'रडू नको' म्हटलं नाही. कुणीतरी माझ्या हातात चहाचा ग्लास दिला, कुणीतरी डब्यातली शेंगाची पोळी मोडून दिली. गिरिजक्का शेजारी बसून मी खातेय की नाही ते बघत होती.

पोटात काही गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, अक्का? आम्ही घरातली माणसं, आम्हाला कळलं नाही. डॉक्टरांना कळलं नाही."

"मला कुठं कळला?" ती म्हणाली. "तुम्हाला समदं लगेच कळतंय ना, तोच गडबड हाय. माझा मराठी कच्चा. आमच्या कन्नडमध्ये दुखला तर नोवु, एकाचं दुसऱ्याला चिकटला तर अंटु. दोन येगळे शब्द. तुमच्यात दोन्हीला लागंल. मला अजून गोंधळ होतोय, म्हणून मी विचारतोय. कुणाला, काय, कुठं. पहिल्यांदा लाज वाटत होता, बायका हसत होत्या. मग बघितला, विचारल्यावर बायका बोलतात." तिने माझ्या गुडघ्यावर पोळीचा आणखी एक तुकडा ठेवला. "म्हणून मराठी सुधारला न्हाई मी. खा."

एवढं सांगून तिने मला त्या दुसऱ्या गादीकडे ढकललं. मी म्हटलं, बस निघून जाईल, नाना वाट बघत असतील. ती म्हणाली, बस परत येतोय, आणि नानाला फोन कर की. मी आडवी झाले ती केवळ तिचं मन राखायला. पत्रा उन्हानं तडतडत होता. शिलाई मशीन थांबून थांबून चालत होतं. दूरवर आई त्या म्हातारीला सांगत होती, की बाळाला न्हाऊ घालताना पाणी आधी आपल्या कोपरावर घालून बघायचं, बोटं खोटं बोलतात. माझ्या अंगावर कुणीतरी शाल टाकली. माझे डोळे मिटले होते, पण कान अजून जागे होते.

दार वाजलं. कुणीतरी नवीन बाई आली असावी, चपला काढताना ती मोठ्यानं बोलत होती. आईचा आवाज आला, अगदी जवळून. ती जुईला घेऊन माझ्या उशाशी कधी येऊन बसली होती ते मला कळलंच नव्हतं.

"हळू बोला बाई," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय दोघी पोरींचा."